‘नाही’ म्हणायची सोय

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर निफाडकडची एक बाई माझ्याकडे आली होती. वय पस्तिशीचं. द्राक्षबाग, दोन मुलं, घरात सासू. ‘पाठ दुखते’ म्हणून ती आधी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. त्यांनी पाठ पाहिली आणि तिला जिना चढून वर माझ्याकडे पाठवलं. पाठीवर कमरेच्या पट्ट्याचे वळ होते. नवरा आधी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो, मग पट्टा काढतो, आणि ती रडायला लागली की म्हणतो, ‘हल्ली शहरात सगळे असंच करतात, तुलाच काही कळत नाही.’ तिने मला विचारलं, ‘ताई, शहरात खरंच असं असतं का? म्हणजे माझंच काही चुकतंय का?’

त्याच आठवड्यात शुक्रवारी अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा आला. अठ्ठावीस वर्षांचा. झोप लागत नाही, एवढंच म्हणाला. बऱ्याच वेळाने बाकीचं बाहेर आलं. कोणीतरी आपल्याला बांधावं, आपल्यावर हुकूम चालवावा, असं त्याला कळत्या वयापासून वाटायचं. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मग ऑनलाइन एका बाईशी ओळख झाली, निदान ती बाई आहे असं त्याला वाटलं. तिच्याशी तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. पंधरा दिवसांनी त्या सगळ्या बोलण्याचे स्क्रीनशॉट त्यालाच परत आले, सोबत त्याच्या बहिणीचा, मामांचा आणि कंपनीतल्या सुपरवायझरचा नंबर. पतपेढीचं कर्ज काढून झालं होतं. आईची एक पाटली मोडून झाली होती. त्याने मला विचारलं, ‘मॅडम, मी विकृत आहे का?’

दोघांच्याही ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत आणि दोघांनाही विचारून हे लिहिते आहे.

त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. नाशकात कॅनडा कॉर्नरच्या या दोन खोल्यांत मी एकोणीस वर्षं समुपदेशनाला बसते, तरी झाली. त्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला, ‘हे कधीपासून वाटतं तुला?’ मग लहानपण, वडील, शाळा. वीस-पंचवीस मिनिटं त्यात गेली. त्याला संध्याकाळी सातला पुढचा हप्ता भरायचा होता. खंडणी मागणारा एक माणूस त्याच्या मानगुटीवर बसला होता आणि मी त्याच्या इच्छेचं मूळ शोधत होते. मलाही तीच गोष्ट आधी दिसली जी त्याच्या मामांना दिसली असती.

त्या दोघांचा प्रश्न एकच होता, ‘माझं काही चुकतंय का?’ आणि दोघांचीही काही चूक नव्हती. तरी दोघं सारखेच गप्प होते, कारण आपण त्यांच्यासाठी एकच टोपली ठेवलेली आहे. लग्नाच्या नेहमीच्या चौकटीबाहेर शरीराचं जे काही असेल ते ‘घाण’, ‘विकृत’, ‘चारचौघांत न बोलण्यासारखं’. या टोपलीत राजीखुशीने केलेला खेळही जातो आणि मारहाणही जाते. टोपलीचं झाकण लावलेलं असलं की सर्वांत जास्त सोय होते ती मारणाऱ्याची आणि पैसे उकळणाऱ्याची. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे, की ही टोपली आता उपसायला हवी, आणि उपसताना प्रत्येक गोष्टीला ‘हे नॉर्मल आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘यातल्या प्रत्येकाला नाही म्हणता येत होतं का’ असं विचारायला हवं.

आधी शब्दांचं बघू, कारण अर्धा घोळ शब्दांचाच आहे. ‘किंक’ म्हणजे रूढ समागमापेक्षा वेगळ्या गोष्टींतून मिळणारं लैंगिक सुख. कोणाला बांधून घेण्यात, कोणाला हुकूम देण्यात किंवा ऐकण्यात, कोणाला थोड्या वेदनेत, कोणाला विशिष्ट कपड्यात किंवा वस्तूत. यातल्या सत्ता आणि वेदनेच्या भागाला बीडीएसएम म्हणतात. ‘पॉली’ म्हणजे सगळ्यांना माहीत असताना, सगळ्यांच्या संमतीने एकापेक्षा जास्त माणसांवर प्रेम करणं. चोरून ठेवलेलं प्रकरण त्यात येत नाही. समलिंगी असणं, पारलिंगी असणं, लैंगिक आकर्षणच न वाटणं या आणखी वेगळ्या गोष्टी. त्या माणूस कोण आहे याबद्दलच्या आहेत, तर किंक म्हणजे त्याला काय आवडतं. एकाच माणसात यातलं बरंच काही असू शकतं, किंवा एखादीच गोष्ट असू शकते. आपल्याकडे हे सगळे ‘तसले’ असतात.

‘विकृत’ या शब्दाला वैद्यकाचा आधार आहे असं बहुतेकांना वाटतं. एके काळी होता. १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात अशा इच्छांची रोगांसारखी यादी केली आणि पुढे वेदना सोसण्यातल्या सुखासाठी ‘मासोकिझम’ हा शब्द रूढ केला. समलिंगी आकर्षणही तेव्हा रोगच होतं. पुढे शंभर वर्षांत वैद्यकानेच ही यादी खोडत आणली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने वेगळी आवड आणि विकार यांच्यात फरक केला. आवडीमुळे स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच विकार. आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणातून वस्तुकामुकता आणि परस्परसंमतीचा वेदनेचा खेळ ही निदानं गेली. राहिलं काय? जबरदस्तीने दुसऱ्याला यातना देण्यात सुख शोधणं. ते आजही विकार म्हणूनच नोंदलेलं आहे, आणि लहान मुलांबद्दलचं आकर्षणही.

म्हणजे जगभरच्या डॉक्टरांनी जी रेघ ओढली ती निफाडचा तो नवरा आणि अंबडचा तो मुलगा यांच्या बरोबर मधून जाते. आपली रेघ मात्र दोघांना एका बाजूला टाकते. खरं तर त्याहून वाईट. नवऱ्याचा तो ‘घरातला मामला’ होतो आणि मुलगा तेवढा विकृत ठरतो.

हे समजून घ्यायला मला त्या मंडळींकडूनच शिकावं लागलं. त्या मुलानंतर मी अशा काही माणसांशी बोलले. दोन पुण्याची होती, एक जोडपं इथलंच, गंगापूर रोडचं. ऐकून मला नवल वाटलं ते त्यांच्या तयारीचं. दोन माणसं एकमेकांना स्पर्श करण्याआधी बसून बोलतात. काय चालेल, काय कधीच चालणार नाही, काय कदाचित चालेल, याची यादी करतात. दमा आहे का, खांदा कधी निखळला होता का, कोणत्या शब्दाने जुनी जखम उघडते, हे विचारतात. एक शब्द ठरवतात, ‘सेफवर्ड’. तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे थांबतं, कारण विचारलं जात नाही. काही जण सिग्नलचे रंग वापरतात. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा सबूर, लाल म्हणजे बंद. दोरी कापायची कात्री हाताशी असते. नंतर पांघरूण, पाणी, जवळ बसणं, याला ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘कशी आहेस’ हे विचारणं त्यातच येतं. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटायचं तर दिवसाढवळ्या, चहा-कॉफीच्या दुकानात, चारचौघांत. नाशिकच्या त्या बाईंनी मला एक वाक्य सांगितलं ते माझ्या वहीत आहे: ‘लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी विचारतात.’

आता आपल्या रीतीकडे बघा. मी वधूवर मेळाव्यांना जाते, लग्नाआधीच्या समुपदेशनावर बोलायला बोलावतात. तिथल्या फॉर्मवर उंची, पगार, देवक, शेती, फ्लॅटचं कर्ज असं सगळं असतं. पत्रिकेच्या छत्तीस गुणांत ‘योनी’ नावाचा एक कूट आहे, त्याला चार गुण. शरीराच्या जुळणीसाठी ठेवलेले हे चार गुण जन्मनक्षत्रावरून दिले जातात. मुलीला विचारून कोणी देत नाही. एका मेळाव्यात मी म्हटलं, की लग्नाआधी दोघांनी एकमेकांशी शरीराच्या इच्छांबद्दल, भीतीबद्दल अर्धा तास बोलावं. आयोजकांनी माइक हळूच काढून घेतला. ते चांगले गृहस्थ आहेत, रागाने नाही घेतला. संकोचाने घेतला. त्या संकोचाची किंमत निफाडची ती बाई मोजते आहे.

इथे काही मित्र मला एक मुद्दा सुचवतात. म्हणतात, लोकांना सांगा ना, की आपल्या संस्कृतीत हे सगळं होतंच. देवळांवरची शिल्पं दाखवा, पुराणं दाखवा. मला हा मार्ग पटत नाही. होतं म्हणून ते योग्य ठरत नाही, आणि जे होतं ते बहुतेक पुरुषांच्या सोयीचं होतं. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावजवळ चंदनपुरीला, खंडोबाने बाणाईच्या ओढीने वेष पालटून तिच्या घरी चाकरी केली, मेंढ्या राखल्या, असं जागरणात गातात. प्रेमासाठी धनी नोकर होतो, ही गोष्ट मला फार आवडते. पण त्याच जागरणात म्हाळसेचा संतापही गातात. वाघ्या-मुरळी दोन्ही बाजू सांगतात, हे त्यांचं मोठेपण. एकापेक्षा जास्त नाती आपल्याकडे होतीच, पण म्हाळसेला विचारण्याची रीत नव्हती. पुढे वाड्यांमधून ‘अंगवस्त्र’ ठेवणाऱ्या पुरुषांनीही घरातल्या बाईला विचारलं नाही. आज कोणी पॉलीचं समर्थन करताना या जुन्या दाखल्यांवर उभं राहिलं, तर ते त्या विचारण्याशिवायच्या परंपरेवर उभं राहतं.

जुन्यातून घ्यायचंच तर मी दुसरं घेईन. वात्स्यायनाच्या कामसूत्रात समागमातल्या प्रहारांवर एक अख्खा अध्याय आहे, आणि त्यात अशा प्रहारांनी झालेल्या मृत्यूंची नोंद केली आहे. चोल राजाने चित्रसेना नावाच्या गणिकेला असं मारलं. कुंतल सातकर्णी सातवाहन राजाने ‘कर्तरी’ नावाच्या प्रहाराने आपल्या महाराणी मलयवतीचा जीव घेतला. मग वात्स्यायन सांगतो, की समोरच्याचं बळ, आपलं बळ, मृदुपणा आणि उग्रपणा ओळखून वागावं, हे प्रयोग सर्वकाळी सर्वांवर करायचे नसतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हा माणूस सुरक्षिततेची सूचना लिहीत होता. सातवाहन म्हटल्यावर नाशिककराला पांडवलेणी आठवतात. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाची स्तुती कोरून ठेवली आहे. त्याच घराण्यातल्या मलयवतीचा कुठेही लेख नाही. तिच्या मरणाची आठवण राहिली ती एका अशा ग्रंथात, ज्याचं नाव घ्यायला आपल्याला आज लाज वाटते.

लाजेशी झगडलेला माणूस मराठीत झाला, हे आपलं भाग्य. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. तारखा जरा शेजारी ठेवून बघा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशकात सुरू झाला, तो १९३४ पर्यंत चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा. या धामधुमीच्या मधोमध बाबासाहेब मुंबईच्या कोर्टात उभे राहून सांगत होते, की लोक अज्ञानापोटी प्रश्न विचारतात आणि त्यांना ज्ञानातून उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ‘आधी पोटापाण्याचे, पाणवठ्याचे प्रश्न सुटू द्या, मग हे’ असं त्यांनी म्हटलं नाही. हे वाक्य मला सभांमध्ये दर वेळी ऐकू येतं. हे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणतात. अंबडच्या त्या मुलाचा पगार अठरा हजार होता आणि त्यातले बारा हजार खंडणीत जात होते.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? आपल्या चर्चेपेक्षा तो बराच पुढे गेला आणि मग मधेच थांबला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द झालं. ते कलम बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजत होतं, नवऱ्याच्या संमतीने झालेला व्यभिचार त्यात गुन्हाच नव्हता. म्हणजे संमती होती, पण ज्याची घ्यायची त्याची नव्हती. इजेबद्दलही कायदा डोळसपणे बोलतो. भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमानुसार अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वखुशीने पत्करलेली इजा, ती मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची नसेल तर, गुन्हा होत नाही. कायद्यातलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे, आपण तालमीतली कुस्ती समजू. आणि भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हेच, असं २८ वं कलम सांगतं.

पण हाच कायदा घराच्या उंबऱ्यापाशी अडतो. बलात्काराच्या ६३ व्या कलमाला अपवाद आहे: बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संभोग बलात्कार धरला जात नाही. निफाडच्या बाईसाठी कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात लैंगिक छळ येतो. क्रूरतेचं ८५ वं कलम आहे. तिचा ‘नाही’ मात्र कायद्याच्या त्या एका ओळीत मोजला जात नाही. दुसरं भगदाड १ जुलै २०२४ ला पडलं. २०१८ नंतर जबरदस्तीच्या समलिंगी संबंधांसाठी उरलेलं जुनं ३७७ कलम नव्या संहितेने पूर्णच वगळलं, त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी बलात्काराचं असं कलम उरलं नाही. संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढणं रास्त होतं. जबरदस्तीलाही कलम न ठेवणं ही गफलत आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला हवं.

लग्नाचा हक्क समलिंगी जोडप्यांना १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही. पाथर्डी फाट्याला नऊ वर्षं एकत्र राहणाऱ्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत, सोसायटीत ‘मैत्रिणी’ म्हणून. एकीचं ऑपरेशन झालं तेव्हा सहीसाठी जळगावहून भाऊ येईपर्यंत थांबावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. दोघी लगेच गेल्या, खातं उघडलं, आणि पासबुकावरची दोन नावं मला दाखवायला आल्या. एवढ्याशा गोष्टीचा तो आनंद पाहून मला घरी गेल्यावर रडू आलं.

आता आपल्या ‘समाज’ या शब्दाकडे येते. नाशकात ‘आमच्या समाजात’ म्हटलं की जात असते, मंडळ असतं, मंगल कार्यालय असतं. हा समाज लग्न जुळवतो, मयताला धावून येतो, मुलांच्या फीला मदत करतो. मी त्याला कमी लेखत नाही. माणूस त्याच्यावाचून जगू शकत नाही म्हणूनच तर खंडणीखोर बरोबर त्याच यादीतले नंबर काढतो. धमकी पोलिसांची नसते, मामांची असते. मामांनी आधीच ऐकलेलं असतं आणि खांदे उडवलेले असते, तर त्या स्क्रीनशॉटची किंमत शून्य झाली असती. लोकांना हे समजावं असं मी म्हणते तेव्हा त्यांनी ते स्वीकारावं, आवडून घ्यावं, असं माझं मागणं नाही. भाच्याला काय आवडतं हे कळल्यावर आकाश कोसळत नाही, एवढं मामांना ठाऊक असलं तरी एका माणसाची पाटली वाचते.

तात्पुरता स्वीकार आपल्याला जमतो, हेही मी पाहिलं आहे. कोजागरी पौर्णिमेच्या रात्री सप्तशृंगी गडावर तृतीयपंथीयांच्या छबिन्याची मिरवणूक निघते. लोक वाट देतात, वाकून नमस्कार करतात, लेकरू त्यांच्या हातात देतात. तेच हात आठवड्याने पंचवटीत भाड्याची खोली शोधत फिरतात तेव्हा खोली मिळत नाही.

आणि वेगळेपण भोगलेली माणसंही एकमेकांशी असंच वागतात, हे मला जास्त लागतं. २०१८ नंतर काही सुशिक्षित समलिंगी मित्र म्हणू लागले, ‘आम्ही अगदी तुमच्यासारखेच, फक्त जोडीदार वेगळा. ते बांधाबांधी करणारे, तीन-तीन जोडीदारवाले, त्यांच्यामुळे आमचं नाव खराब होतं.’ हा मोह मला समजतो. दार जरासं उघडलं की मागच्याला ढकलून आत शिरावंसं वाटतं. पण ज्या फळीवर पाय ठेवून आपण आत आलो ती फळी ‘प्रौढांची संमती’ हीच होती. ती मागच्यांच्या पायाखालून काढली तर पुढे आपल्याही पायाखाली राहत नाही.

आतली घाणही लपवायला नको. किंकच्या गटांमध्ये काही अनुभवी म्हणवणारे पुरुष नव्या मुलींना ‘इथे असंच असतं, तू अजून तयार नाहीस’ असं सांगून त्यांच्या हद्दी मोडतात. निफाडचा नवरा हेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणत होता. सेफवर्ड ठरवलेला असणं आणि तो उच्चारता येणं यांत अंतर असतं. नोकरी त्याच्या हातात असेल, दारू झाली असेल, एकटं पडायची भीती असेल, तर तोंडातून शब्द फुटत नाही. गळा आवळण्यासारखे काही प्रकार तर असे आहेत, की त्यांत मोजूनमापून सुरक्षित असं काही नसतंच. मेंदूचा रक्तपुरवठा थांबायला काही सेकंद पुरतात, आणि तेव्हा माणूस बोलू शकत नाही. पोर्न पाहून कॉलेजची मुलं हे ‘साधं’ समजू लागली आहेत. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि ज्या विषयाचं नाव घ्यायला बंदी आहे त्यातला धोका कसा सांगणार?

माझी स्वतःची एक शंका आहे, तीही मांडते. ‘ओपन मॅरेज’ म्हणून माझ्याकडे आलेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांत तो एकाचा बेत होता आणि दुसऱ्याने सही केली होती. लग्न मोडेल या भीतीने हो म्हणणारी बाई मी कितीदा तरी पाहिली, दोन-तीनदा पुरुषही. म्हणून मी पॉलीची जाहिरात करणार नाही. पण तसं जगणारी एक तिघांची गृहस्थी मी जवळून पाहिली आहे. दर रविवारी सकाळी ते तिघं बसून आठवड्यात कोणाला काय खुपलं ते बोलतात. किती घरांत असा रविवार असतो, हे मला विचाराल तर माझ्या वहीत फारशी नावं नाहीत. एकनिष्ठ लग्नात आनंदाने राहणारी मी स्वतः एक आहे, आणि माझं लग्न या तिघांमुळे धोक्यात आलं असं मला कधी वाटलं नाही.

त्या मुलाने शेवटी तक्रार केली. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, मग सायबर पोलीस ठाणं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मोठ्या बहिणीला सगळं सांगितलं, म्हणजे धमकीतल्या यादीतलं पहिलं नाव त्यानेच खोडलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ‘आईच्या पाटलीचं काय केलंस?’ पुढचं भांडण पाटलीवरून झालं, हे सांगताना तो पहिल्यांदा हसला.

निफाडची बाई तीनदा आली. दुसऱ्या वेळी मी तिला विचारलं, की तुम्ही नाही म्हणालात तर काय होतं. तिने खिडकीकडे पाहिलं, दार लावलंय का विचारलं, आणि म्हणाली, ‘ताई, नाही म्हणायची सोय असती तर इथे कशाला आले असते?’ तिसऱ्या वेळी महिला हेल्पलाइनचा नंबर मागितला. मोबाइल नवरा तपासतो, म्हणून त्यात ठेवता येत नव्हता. तिच्या पिशवीत द्राक्षावरच्या फवारणीच्या औषधांची पावती होती. त्या पावतीच्या मागे मी १८१ लिहिलं, पेन्सिलने, हिशेबाच्या आकड्यांसारखं. तिने पावतीची बारीक घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली, आणि पिंपळगावला जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते ते विचारलं.